2008 सालच्या स्विफ्टवर दीड लाख रुपये खर्च करावेत का? जाणकारांचा सल्ला हवा आहे

फोंडेकर

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे 2008 सालची मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, 1.3 लिटर पेट्रोल इंजिनाची. ती पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात आहे, आणि पंधरा वर्षे झाल्यावर पासिंग करून नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली आहे. रोज फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्णा औद्योगिक वसाहतीत जाणे-येणे, आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला सासुरवाडीला जाणे, असा तिचा वापर आहे. मीटरवर 1,18,000 किलोमीटर झाले आहेत.

एका आवर्ती ठेवीची मुदत पूर्ण झाली असून, मुलीची फी आणि अडीअडचणीची तजवीज बाजूला ठेवूनही दीड लाख रुपये मोकळे राहतात. या गाडीचे इंजिन मला मनापासून आवडते. मिनिटाला 6000 फेऱ्यांना 87 अश्वशक्ती हा आकडा आज फार मोठा वाटत नाही, परंतु घाटात दुसऱ्या गियरमध्ये हे इंजिन ज्या उत्साहाने वर चढते, तो उत्साह नंतरच्या फार थोड्या गाड्यांत मला जाणवला. म्हणून 15 इंची अलॉय व रुंद टायर, गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, मोकळा सायलेन्सर, कोन फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) आणि पांढरे एलईडी दिवे असा बेत मनात आहे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, ज्या गाडीचे बाजारात लाखभर रुपयेही धड येणार नाहीत तिच्यावर दीड लाख घालण्यापेक्षा तेच पैसे नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्याला लावावेत. दोन्ही बाजूंनी विचार करून कृपया मार्गदर्शन करावे.

सांखळीकर

फोंडेकर बाब, नमस्कार. तुमच्या यादीतील कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी गाडी एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून नीट पाहून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इतक्या वर्षांच्या गाडीत सुधारणा करायची म्हणजे आधी ती मूळ अवस्थेला आणायची, आणि या पहिल्या टप्प्यातच तुमचा निम्म्याहून अधिक पैसा जाईल. तो वाया जाणार नाही. जी गाडी तुम्हाला अधिक चपळ व्हावीशी वाटते, ती नवी असताना तेवढी चपळ होतीच. शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि इंजिनाचे माउंट इतके हळूहळू झिजतात की रोज चालवणाऱ्याला तो फरक कळत नाही. हे सर्व कंपनीच्या मूळ सुट्या भागांनी बदलून चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि मग महिनाभर गाडी चालवून पाहा. त्यानंतरही स्प्रिंग बदलाव्यात असे वाटले, तर तो विचार वेगळा.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याची. तुमच्या इंजिनात साखळी नसून बेल्ट आहे, आणि एक लाख किलोमीटरच्या आसपास तो बदलावा लागतो. तो बदललेला नसेल किंवा कधी बदलला याची नोंद सापडत नसेल, तर पहिला खर्च हाच करावा आणि त्याच वेळी वॉटर पंप, टेन्शनर व पुढचे ऑइल सील तपासून घ्यावे, कारण ते सर्व त्याच जागी उघडते आणि मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

तिसरी, आणि आपल्या गोव्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गंज. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, खारी हवा आणि तांबड्या मातीचा चिखल या तिन्हींचा मारा सहन करणाऱ्या गाडीचा पत्रा बाहेरून चकचकीत दिसत असला तरी आतून पोखरलेला असू शकतो. बॅटरीच्या ताटाखाली, दारांच्या खालच्या कडेत, उंबरठ्याच्या पट्टीत, मागच्या चाकांच्या कमानीत आणि शॉकअपचा वरचा भाग जिथे बसतो त्या घुमटाभोवती पाहावे. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून कुजतो. गंजलेल्या भागावर थेट काळे अंडरकोटिंग फवारणारे अनेक जण भेटतील. त्यांना स्पष्ट नकार द्यावा, कारण त्या थराखाली ओल अडकते आणि गंज अधिक वेगाने पसरतो. आधी तारेच्या ब्रशने गंज घासून काढणे, सडलेला पत्रा कापून नवा जोडणे, मग प्रायमर आणि त्यानंतर कोटिंग, हाच क्रम योग्य आहे. हे काम हवा कोरडी असताना, डिसेंबर ते एप्रिल या काळातच करावे. घुमट किंवा खालची मुख्य चौकट सडलेली निघाली, तर मात्र या गाडीवर आणखी पैसा घालू नये असे माझे ठाम मत आहे.

पेट्रोलचाही विचार करावा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि तुमची गाडी बनली तेव्हा तिच्या रबरी नळ्या व सील अशा मिश्रणासाठी तयार केलेले नव्हते. इंधनाच्या नळ्या तडकल्या आहेत का, टाकीजवळ पेट्रोलचा वास येतो का, हे तपासून त्या बदलून घेणे हा थोडक्यात होणारा आणि आगीचा धोका टाळणारा खर्च आहे.

मडगावकर

सांखळीकरांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मी कायदा आणि विमा यांविषयी लिहितो, कारण या दोन्हींचा विचार लोक बहुधा पैसे खर्च झाल्यावर करतात.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतील तपशील विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनासाठी केलेल्या बदलाला अटींसह परवानगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा असाच कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मोकळा सायलेन्सर तर आवाजावरूनच रस्त्यावर पकडला जातो. शिवाय त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढला, तर पुढच्या पासिंगला आणि पीयूसीला अडचण येईल. तुमच्या नोंदणीची मुदत 2028 मध्ये संपते. वीस वर्षांपुढील हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये केले आहे, तेही आताच हिशेबात धरावे.

विम्याचे गणित याहून महत्त्वाचे आहे. पाच वर्षांपुढील गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. तुमच्या गाडीची ती लाखभर ठरली असे धरू. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसान झालेली मानली जाते आणि तुम्हाला मिळते ती ठरलेली विमा किंमत. म्हणजे पुढच्या बाजूला बसलेली एक जोराची धडक पुरेशी आहे, आणि त्यात तुम्ही घातलेले दीड लाख हिशेबात कुठेच येत नाहीत. अलॉयसारखी वस्तू बसवली, तर ती विमा कंपनीला लेखी कळवून जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवून घ्यावी. न कळवलेला बदल हे दावा नाकारण्यासाठी कंपनीच्या हातात दिलेले कारण ठरते.

पेडणेकर

मला वहिनींचे म्हणणे पटते, परंतु कारण वेगळे आहे. तुमच्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसतील तर ते नंतर बसवून घेण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. भारतात सर्व नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, म्हणून त्यानंतरच्या चार-पाच वर्षे वापरलेल्या एखाद्या गाडीत तुम्हाला या दोन्ही गोष्टी आपोआप मिळतात. जी मुलगी मागच्या सीटवर बसून चोर्ला घाटातून प्रवास करते, तिचा विचार इंजिनाच्या आनंदाआधी व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.

वास्कोकर

सर्वांचे मुद्दे मान्य करूनही फोंडेकरांच्या बाजूने बोलावेसे वाटते. हे शिल्लक पैसे आहेत, घरातील कोणाच्या तोंडचा घास काढून घेतलेला नाही, आणि माणसाने आवडीच्या गोष्टीवर खर्च करणे यात गैर काही नाही. गाडीची बाजारातील किंमत हे तिच्यावर किती खर्च करावा याचे एकमेव माप ठरत नाही; रोज जो तास-दीड तास तुम्ही तिच्यात बसता, त्यालाही मोल आहे. फक्त मोकळा सायलेन्सर आणि कोन फिल्टर यांचा नाद सोडावा असे मीही म्हणेन. टर्बो नसलेल्या 1.3 लिटर इंजिनात त्यांनी मिळणारी वाढ इतकी थोडी असते की ती कानाला कळते, पायाला नाही. उघडा कोन फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो, आणि पावसात रस्त्यावर पाणी साचले की तो कुठे बसवला आहे याची धास्ती वेगळीच.

फोंडेकर

सर्वांना देव बरें करूं. सुट्टीच्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवून पाहिली. बॅटरीच्या ताटाखाली आणि डाव्या उंबरठ्याच्या पट्टीत गंज आहे, परंतु घुमट आणि मुख्य चौकट शाबूत आहेत, असे मेकॅनिकने टॉर्च लावून आणि हातोडीने ठोकून दाखवले. पुढचे दोन्ही शॉकअप गळत आहेत. टायमिंग बेल्टची नोंद सापडली नाही. पेडणेकरांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, माझ्या गाडीत एबीएस व एअरबॅग दोन्ही नाहीत. हा मुद्दा घरी बराच वेळ चर्चिला गेला. बेळगावच्या प्रवासाला यापुढे मेहुण्यांची नवी गाडी किंवा बस वापरायची आणि स्विफ्ट फक्त रोजच्या कामासाठी ठेवायची, यावर आम्हा दोघांचे एकमत झाले आहे.

आता टायर आणि दिवे यांविषयी विचारतो. मूळ टायर 165/80 आर14 आहेत, म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के आणि चाक 14 इंची. 195/60 आर15 घेतले तर चालतील का? आणि रात्री बोरी ते लोटली या पट्ट्यात खरोखरच कमी दिसते, त्यासाठी एलईडी न लावता काय करावे?

सांखळीकर

घुमट शाबूत आहेत हे वाचून फार बरे वाटले. तुम्ही लिहिलेल्या 195/60 आर15 चा व्यास 615 मिलिमीटर भरतो आणि मूळ टायरचा जवळजवळ 620, म्हणजे मीटरच्या वेगात एक टक्क्याहून कमी फरक पडेल. त्या दृष्टीने माप योग्य आहे. तरीही मी 185/70 आर14 सुचवेन. याच पिढीच्या झेडएक्सआय स्विफ्टला कंपनी हेच माप देत असे, त्याचा व्यासही 615 मिलिमीटरच येतो, आणि तुमचीच 14 इंची चाके सरळ असतील तर अलॉयचा सगळा पैसा वाचतो. रुंद टायरची पकड तुम्हाला मिळते आणि जाड भिंतीमुळे खड्ड्यात रिमही वाचते. स्प्रिंग मूळच्याच ठेवा. आपल्या वाड्यावाड्यांतील गतिरोधक कोणत्याही मापात न बसणारे आहेत, आणि 170 मिलिमीटरचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स त्यांच्यासाठी जेमतेम पुरतो. टायर घेताना बाजूला छापलेला चार अंकी आकडा वाचावा: 3525 म्हणजे 2025 सालच्या 35व्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून राहिलेला जुना टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दिव्यांचे उत्तर वायरिंगमध्ये आहे. हॅलोजन बल्बपर्यंत विजेचा दाब दहा टक्के कमी पोचला तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो, आणि जुन्या गाडीत गंजलेल्या जोडांमुळे व स्विचमधील झिजेमुळे नेमके हेच घडते. बॅटरीपासून थेट, फ्यूजसह रिले वायरिंग (ज्यात दिव्याची वीज स्विचमधून न जाता रिलेमार्गे सरळ बल्बला मिळते) करून घ्यावे आणि त्यावर मूळ 60/55 वॅटचेच नवे बल्ब लावावेत. दिव्याची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करावी किंवा दिवाच बदलावा. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बसवला की प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. त्या अरुंद रस्त्यावर ते धोक्याचे आहे.

क्रम असा ठेवावा: या आठवड्यात टायमिंग बेल्ट आणि इंधनाच्या नळ्या, त्यानंतर पुढचे शॉकअप, बुश, आणि ब्रेक, म्हणजे पुढच्या डिस्क व पॅड, मागच्या ड्रमचे सिलिंडर आणि नवे ब्रेक ऑइल, मग पत्र्याचे काम, टायर आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी, कारण सस्पेन्शनचे काम अलाइनमेंटनंतर केले तर ते पुन्हा करावे लागते. प्रत्येक कामाचे बिल सुट्या भागाच्या क्रमांकासह मागून घ्यावे आणि काढलेले जुने भाग परत मागावेत.

फोंडेकर

बेल्ट आणि नळ्यांसाठी शनिवारची वेळ घेतली आहे. पत्राकामासाठी डिचोलीच्या एका कारागिराने गाडी पाहून दर सांगितला असून, कापून जोडलेला प्रत्येक भाग प्रायमरच्या आधी मला दाखवण्याचे त्याने मान्य केले आहे. टायर 185/70 आर14 च घेतो. हे सर्व धरूनही तीसेक हजार रुपये उरतील असे दिसते. ते 2028 च्या पासिंगसाठी वेगळे ठेवतो.