मदत हवी आहे: पाणी तापतंय तरी ढग कमी? (तातडीचं!)

आलेखग्रस्त: मंडळी, उद्या सकाळी 10 ला प्रोजेक्ट दाखवायचंय. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आडव्या अक्षावर, ढगांची टक्केवारी उभ्यावर. पाणी तापलं की वाफ जास्त, ढग जास्त, असंच शिकलोय. माझी रेघ मात्र उतरतीच येते. काय चुकतंय? 'गूगल कर' सांगू नका, करून झालंय.

निवांत: कुठला समुद्र? कुठले महिने?

आलेखग्रस्त: अरबीच की! रत्नागिरीसमोरचा.

निवांत: आणि महिने?

आलेखग्रस्त: एप्रिल ते ऑगस्ट. रोजचे आकडे.

सदाशिवपेठी: एक्सेलमध्ये केलंय ना? तिथेच घोळ. पायथन शिका.

आलेखग्रस्त: उद्या सकाळपर्यंत?

सागरगोटा: रेघ उतरती येणारच. मे महिन्यात आकाश मोकळं, ऊन थेट पाण्यावर, पाणी 30 अंशांच्या आसपास. जूनमध्ये वारे सुटतात, पाणी घुसळून खालचं गार वर येतं, वरून ढग ऊन अडवतात. ऑगस्टपर्यंत 27-28. म्हणजे इथे ढग पाण्याला गार करतायत आणि तुम्ही फक्त पाणी ढगांना काय करतं ते शोधताय. शिवाय पावसाचे उंच ढग उठायला साधारण 28 अंश लागतात, पण त्यापुढे पाणी आणखी तापलं म्हणून ढग त्या प्रमाणात वाढत नाहीत. मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी हे 1984 मध्येच दाखवलंय.

एलनिनो_काका: मूळ प्रशांत महासागरात आहे. एल निनो आला, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की आपल्याकडे दुष्काळ. 1877 आठवा.

निवांत: काका, 1997 ला केवढा एल निनो होता, पाऊस सरासरीच्या 102 टक्के.

एलनिनो_काका: तो हिंदी महासागराच्या द्विध्रुवामुळे, म्हणजे त्याचं पश्चिमेचं पाणी पूर्वेपेक्षा जास्त तापलं म्हणून. अपवाद.

निवांत: तुमचे अपवाद मोजायलाच एक्सेल लागेल.

हर्णैकर: मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळीही पाणी कोमट लागतं. मासेमारीची बंदी उठल्यावर ऑगस्टात उतरलं की गारवा लगेच कळतो. बाकी बांगड्याचा भाव विचारू नका.

निवांत: आलेखग्रस्त, तापमान उपग्रहाचं का? इन्फ्रारेड असेल तर ढगांआडचं पाणी त्याला दिसत नाही. जुलैचे रकाने रिकामे असतील.

आलेखग्रस्त: हो, बरेच होते. मी तिथे शून्य भरलं.

सागरगोटा: शून्य?! जुलैत रत्नागिरीसमोर बर्फ?

कुरडई: जूनमध्ये ढग येतात म्हणता, मग कुरडया आत्ताच घालू का?

आलेखग्रस्त: शून्यं काढली. ठिपके 27 ते 30 मध्ये दाटलेत. रेघ अजून उतरतीच, उलट जास्त खडी झाली.

सागरगोटा: छान. पण तुमच्या जुलैत आता फक्त जरा उघडीप होती तेच दिवस उरलेत. मायक्रोवेव्हचे आकडे घ्या, ते ढगांतूनही मिळतात. फक्त मुसळधार पावसात आणि किनाऱ्यालगत चालत नाहीत, तेव्हा ज्या चौकोनाचे आकडे घेताय तो 100 किलोमीटर समुद्रात आत सरकवा.

सदाशिवपेठी: पायथनमध्ये रिकामा रकाना रिकामाच राहतो. म्हटलं होतं.

निवांत: एक्सेलमध्येही राहतो हो. शून्य त्यांनी हाताने भरलंय.

आलेखग्रस्त: चौकोन सरकवला. फाईल उतरायला 40 मिनिटं दाखवतंय. कोण जागं आहे?