मदत हवी आहे : राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर सीआरसी एरर (बिघडून आलेल्या पाकिटांची नोंद) सतत वाढत आहेत, पिंग मात्र स्वच्छ आहे

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातील एका वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली तीन वर्षे महाविद्यालयाच्या नेटवर्कचे कामही माझ्याकडे आहे. महिनाभर प्रयत्न करूनही एक अडचण सुटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सेवापुरवठादाराची फायबर कार्यालयाच्या मागच्या खोलीत येते. तेथे त्यांचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारा डबा) आहे आणि त्यातून निघालेली दोन मीटरची पॅच कॉर्ड आमच्या सिस्को १९४१ राउटरच्या गिगाबिट इथरनेट ०/० या पोर्टमध्ये बसते. ०/१ हा पोर्ट आतल्या स्विचला जोडलेला असून कार्यालय, ग्रंथालय आणि दोन संगणक प्रयोगशाळा यांचे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्क) त्याच्या सब-इंटरफेसवर (एकाच पोर्टच्या आभासी भागांवर) घेतलेले आहेत. जोडणी ५० एमबीपीएसची आहे.

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका पेपर सुरू होण्याच्या थोड्याच वेळ आधी ऑनलाइन येतात, त्या उतरवून घेऊन लगेच छापाव्या लागतात. मागच्या सत्रात सुमारे ४० एमबीची एक फाइल उतरायला सहा ते सात मिनिटे लागली आणि दोन वर्गांना पेपर उशिरा द्यावे लागले. मुले बाकावर बसून वाट पाहत आहेत आणि आपण पडद्यावरची पट्टी सरकण्याची वाट पाहत आहोत, ही वेळ पुन्हा येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

पुरवठादाराकडे चार वेळा तक्रार नोंदवली. ते दर वेळी पिंग (छोटे पाकीट पाठवून उत्तर येते का, ते पाहणे) करून दाखवतात आणि लाइन ठीक असल्याचे सांगतात. मी स्वतः शंभर पिंग पाठवून पाहिले. एकही हरवला नाही आणि वेळ ८ ते ९ मिलिसेकंदांच्या पुढे गेला नाही. तरीही मोठी फाइल घेतली की वेग कोसळतो.

राउटरवर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ दिल्यास दोन्ही पोर्ट अप/अप दिसतात. ‘शो इंटरफेसेस’मध्ये मात्र ०/० वर बरेच एरर दिसले. ते किती जुने आहेत हे कळेना, म्हणून ‘क्लिअर काउंटर्स’ देऊन सकाळी अकरा ते बारा असा एक तास नव्याने मोजणी घेतली. ती अशी : आत आलेली पाकिटे ४,१२,३८०, इनपुट एरर ३,१६४, त्यांपैकी सीआरसी २,९०७ आणि रंट (फार लहान, अर्धवट पाकिटे) २५७. आउटपुट एरर शून्य, कोलिजन (टक्कर) शून्य, लेट कोलिजन (पाकीट बरेच पाठवून झाल्यावर झालेली टक्कर) शून्य. रिलायबिलिटी (लाइनची विश्वासार्हता) २५४/२५५ आणि आरएक्सलोड (आत येणाऱ्या रहदारीचा भार) ३८/२५५. पोर्टची ओळ ‘फुल ड्युप्लेक्स, १०० एमबीपीएस’ अशी आहे (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणे आणि घेणे, हाफ म्हणजे एका वेळी एकच).

आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी पुरवठादाराच्या सांगण्यावरून या पोर्टवर ‘स्पीड १००’ आणि ‘ड्युप्लेक्स फुल’ असे पक्के करून ठेवले होते आणि ते मी बदललेले नाही. दुसरे असे, की या पावसाळ्यात वीज पडून जुना कन्व्हर्टर जळाला आणि पुरवठादाराने नवा बसवला. एरर तेव्हापासूनचे आहेत की आधीपासूनचे, हे सांगता येत नाही, कारण आमच्याकडे एमआरटीजीवर (पोर्टांच्या आकड्यांचे आलेख काढणारी प्रणाली) फक्त रहदारीचा आलेख आहे आणि एररची नोंद कोणी ठेवत नव्हते.

पॅच कॉर्ड दोनदा बदलून पाहिली, फरक पडला नाही. दोष आमच्या पोर्टचा आहे, केबलचा आहे की कन्व्हर्टरचा, हे पुराव्यानिशी कसे दाखवता येईल? आणि यापुढे असा दोष परीक्षेच्या दिवसाआधी लक्षात यावा, यासाठी नेमके कशावर लक्ष ठेवावे?

प्रतिसाद १

सर, आपण काउंटर शून्यावर आणून तासाभराची मोजणी दिलीत, त्यामुळे निदान सोपे झाले. मला हा ड्युप्लेक्स न जुळण्याचा प्रकार वाटतो.

दोन टोके आपसांत वेग आणि ड्युप्लेक्स ठरवतात ती ऑटोनिगोशिएशनची पद्धत १९९५ च्या ८०२.३यू या मानकाबरोबर आली. दोन्ही टोके आपापली क्षमता छोट्या स्पंदनांच्या रूपाने कळवतात आणि त्यातून सर्वांत चांगला समान पर्याय निवडला जातो. आपल्या राउटरवर दोन्ही गोष्टी पक्क्या केलेल्या असल्यामुळे तो ही स्पंदने पाठवतच नाही. नवा कन्व्हर्टर ऑटोवर असेल, तर येणाऱ्या सिग्नलवरून १०० चा वेग त्याला ओळखता येतो. पण समोरचा फुल आहे की हाफ, हे कळायला काही मार्ग नसतो आणि अशा वेळी हाफ धरायचे असा मानकाचाच नियम आहे. राउटर फुल आणि कन्व्हर्टर हाफ असूनही लिंक अप दिसते, कारण दोघांचा वेग जुळलेला असतो.

यापुढे जे होते ते आपल्या आकड्यांत दिसते. फुलवरचा राउटर समोरून काही येत असतानाही निःशंकपणे पाठवत राहतो. हाफवरच्या कन्व्हर्टरला ती टक्कर वाटते, म्हणून तो स्वतःची फ्रेम (इथरनेटवरचे पाकीट) मध्येच तोडतो. ती अर्धवट फ्रेम राउटरकडे पोहोचते तेव्हा शेवटच्या चार बाइटांची पडताळणी जुळत नाही, म्हणून ती सीआरसीत मोजली जाते, आणि तुकडा ६४ बाइटांपेक्षा लहान असेल तर रंटमध्ये. राउटरच्या बाजूला कोलिजन शून्य दिसणारच, कारण फुलवर असलेला पोर्ट टक्कर पाहतच नाही. लेट कोलिजन कन्व्हर्टरच्या बाजूला साचत असणार आणि साधा मीडिया कन्व्हर्टर ते कोणाला दाखवत नाही.

पिंगमध्ये एक पाकीट जाते आणि मग एक परत येते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काही चालत नाही, त्यामुळे पिंग स्वच्छ राहतो. फाइल उतरताना मात्र माहिती आत येत असते आणि तिच्या पोचपावत्या त्याच वेळी बाहेर जात असतात. टक्कर नेमकी तेथे होते आणि टीसीपी (पाकिटे पोचल्याची खात्री करणारी पद्धत) प्रत्येक हरवलेल्या पाकिटानंतर वेग कमी करत जातो.

केबलचा दोष असता तर रात्री लाइन जवळजवळ रिकामी असतानाही सीआरसी पाकिटांच्या प्रमाणात वाढत राहिले असते. म्हणून आज रात्री पुन्हा तासभर मोजणी घ्यावी. दुसरी चाचणी अशी, की मोठी फाइल उतरत असतानाच १४०० बाइटांचे पिंग सोडून पाहावे.

उपाय करण्यापूर्वी पुरवठादाराला एकच प्रश्न विचारावा : त्यांच्या कन्व्हर्टरचा पोर्ट ऑटोवर आहे की १०० फुलवर पक्का केलेला आहे? त्यांचाही पक्का असेल आणि आपण ऑटो केलेत, तर हीच अडचण उलट बाजूने उभी राहील आणि लेट कोलिजन आपल्या राउटरवर दिसू लागतील. दोन्ही टोकांची मांडणी सारखी असणे महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते दोन्हीकडे ऑटोच असावे. बदल करताना लिंक क्षणभर पडते, म्हणून कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय संगणक थेट राउटरला जोडणारी) लावून राउटरसमोर बसूनच करावा. ते शक्य नसेल तर आधीची कॉन्फिग सेव्ह असल्याची खात्री करून ‘रीलोड इन १०’ द्यावे, म्हणजे संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी राउटर जुन्या मांडणीवर परत येईल. सगळे ठीक दिसले तर ‘रीलोड कॅन्सल’ देऊन मगच नवी कॉन्फिग सेव्ह करावी.

धागालेखक

मनापासून आभार. रात्री अकरा ते बारा घेतलेल्या मोजणीत १८,०४२ पाकिटे आली आणि सीआरसी फक्त २ निघाले. फाइल उतरत असताना १४०० बाइटांचे शंभर पिंग सोडले, तर त्यांतले १४ हरवले. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने कन्व्हर्टर ऑटोवर असल्याचे फोनवर सांगितले.

आज सकाळी कन्सोलवर बसून ०/० वर ‘स्पीड ऑटो’ आणि ‘ड्युप्लेक्स ऑटो’ दिले. लिंक पडली, तीन-चार सेकंदांत परत आली आणि ओळ पूर्वीसारखीच ‘फुल ड्युप्लेक्स, १०० एमबीपीएस’ अशी दिसली. कन्व्हर्टरचा पोर्टच १०० चा असल्यामुळे गिगाबिट मिळाले नाही, पण ५० एमबीपीएससाठी एवढे पुरेसे आहे. त्यानंतरच्या तासात ९,८६,२१४ पाकिटे आत आली आणि इनपुट एरर शून्य आहेत. तशाच आकाराची फाइल अकरा सेकंदांत उतरली. पडद्यावरची ती ओळ आधी आणि नंतर अक्षरशः तीच आहे, हे मला अजूनही आश्चर्याचे वाटते. आता देखरेखीविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

राउटरची ती ओळ फक्त स्वतःची बाजू सांगते, समोरच्या टोकाची नाही. म्हणून देखरेखीत एररचा आलेख हवाच. एमआरटीजीमध्ये दोन्ही पोर्टांचे इफ-इन-एरर्स आणि इफ-आउट-एरर्स (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या एररचे काउंटर) जोडून घ्यावेत. ‘क्लिअर काउंटर्स’ने एसएनएमपीचे (उपकरणांचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत, एमआरटीजी तीच वापरते) आकडे शून्य होत नाहीत, त्यामुळे राउटरवरचा आणि आलेखावरचा आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नये; दर पाच मिनिटांत किती वाढ झाली, तेवढेच पाहावे. निरोगी इथरनेट पोर्टवर ही वाढ दिवसभर शून्यच राहायला हवी.

०/१ चा रहदारीचा आलेख ६४ बिटांच्या काउंटरवर घ्यावा. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइटांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सलग ११४ एमबीपीएसच्या वर रहदारी गेली तर तो पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा फिरतो आणि आलेख कमी दाखवतो. आपल्याकडे व्हीलॅनमधली रहदारीही राउटरवरूनच जात असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या संगणकांवर इमेज (तयार प्रणालीची पूर्ण प्रत) टाकताना हे घडू शकते. ६४ बिटांच्या काउंटरसाठी एसएनएमपीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती लागते. परवानगी फक्त वाचण्याची ठेवावी, ॲक्सेस लिस्ट (कोणाला प्रवेश आहे त्याची यादी) लावून ती एमआरटीजीच्या संगणकापुरतीच द्यावी आणि ‘पब्लिक’ हा कम्युनिटी शब्द (पासवर्डसारखा) बदलावा. रीबूटनंतर पोर्टांचे क्रमांक बदलून आलेखांची अदलाबदल होऊ नये म्हणून ‘एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट’ द्यावे. ‘लोड-इंटरव्हल ३०’ दिल्यास वेगाची सरासरी पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटाची दिसते, परीक्षेच्या सकाळी त्याचा उपयोग होईल.

धागालेखक

हे सर्व आज दुपारी करून घेतले. ०/० च्या डिस्क्रिप्शनची जागा इतकी वर्षे रिकामी होती. तेथे आता सर्किट क्रमांक, पुरवठादाराचा तक्रार क्रमांक आणि ‘दोन्ही टोके ऑटो, एकतर्फी बदलू नये’ असे लिहून ठेवले आहे. तीच सूचना कागदावर लिहून कन्व्हर्टरच्या डब्यावर चिकटवली आहे आणि त्यांच्या तंत्रज्ञाला त्याचा फोटो पाठवला आहे.