शिक्षेनंतर अपिलासाठी मोफत वकील मिळतो का?

प्रश्न (भांडुप): माझ्या धाकट्या भावाला मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली असून तो नाशिक रोड कारागृहात आहे. खासगी वकिलाची फी आम्हाला परवडणारी नाही आणि उच्च न्यायालयात अपील करण्याची 60 दिवसांची मुदतही उलटली आहे. काही मार्ग उरला आहे का?

प्रतिसाद 1: ताई, मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकिलाचा हक्क आहे. भावाने कारागृह अधीक्षकांमार्फत अर्ज करावा. वकील उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती नेमते. उशीर माफ करण्याचा अर्ज मुदत कायद्याच्या कलम 5 खाली अपिलासोबतच करता येतो, आणि गरिबी व तुरुंगवास ही कारणे त्यात स्पष्ट लिहावीत.

प्रतिसाद 2: निकालपत्राची प्रत हाती आली आहे का, हे आधी पाहा. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रत कैद्याला विनामूल्य आणि वेळेत मिळालीच पाहिजे, असे बजावले होते. माझ्या मते खरी अडचण वकील नेमल्यानंतर सुरू होते, कारण पुष्कळदा कैद्याला वकिलाचे नावही कळत नाही. नेमणुकीचे पत्र मागून घ्या आणि वकिलांना स्वतः भेटा.

प्रश्नकर्ती: प्रत मिळालेली नाही. सोमवारी कारागृहात भावाला भेटायला जाणार आहे, तेव्हा अर्ज सोबत नेते.

प्रतिसाद 1: अडल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या मदत क्रमांकावर फोन करा.