एकच कला धरायची की चार?

धागाकर्ती: सात वर्षं कथक शिकतेय, नाटकात काम करते, वर्षभर एका ग्रुपची प्रकाशयोजनाही बघतेय. परवा आमच्या कथकच्या बाई म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." फार लागलं. कारण मला नाटक जमतं ते नाचामुळेच. मागच्या प्रयोगात समोरचा वाक्य विसरला. विंगेकडे न बघता मनात तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत खिडकीपर्यंत गेले, समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, वळले आणि त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याला विचारलं. गाडी रुळावर आली. 'घाशीराम कोतवाल'मधली (१९७२) ती माणसांची रांग आठवा. तीच गाते, नाचते, तीच पडदा होते. तिथे नुसता नट काय करणार?

पहाटेचा रियाज: बाईंचं पटतं मला. गाण्यात मंद्र षड्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, नीट लागायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा आणखी काही करत असते तर लागलाच नसता. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. दोन दगडांवर पाय ठेवून ते झालं नसतं.

तिसरी घंटा: मग वसंतराव देशपांडे? सरकारी हिशेब खात्यात नोकरी, तबल्यावर हात, गाणं कितीतरी गुरूंकडून. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले खाँसाहेब त्या सगळ्यातून आले. आणि 'घाशीराम' बसवणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ!

पहाटेचा रियाज: वसंतराव कुठेही गेले तरी शेवटी गाण्याकडेच आले ना? माझं म्हणणं तेच. मुक्कामाचं घर एक हवं.

बॅकस्टेजवाला: पोटाचं कुणीच बोलत नाही. प्रायोगिक नाटकात नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळाली तर मिळाली. मी लाईट्स करतो, डबिंग करतो, सुट्टीत मुलांची शिबिरं घेतो. त्यावर घरभाडं जातं. एकच कला धरायला मागे कुणीतरी कमावतं लागतं, हे शिकवणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

धागाकर्ती: काल बाईंकडे जाऊन आले. त्यांनी एवढंच विचारलं, "तत्कार रोज होतो का?" म्हणजे पायांचा रियाज. प्रयोगाच्या आठवड्यात होत नाही, हे खरं सांगितलं. आजपासून पहाटे पाऊण तास घुंगरू बांधणार. नाटक सोडत नाहीये, बाईंनाही तसं सांगितलंय.