मदत हवी आहे: व्हिडिओ एडिटिंगसाठी प्रोसेसर कोणता, एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स की इंटेलचा आय९-१४९००के?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, लग्नाचे व्हिडिओ दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये (स्टुडिओ आवृत्ती, विकत घेतलेली) एडिट करतो. गेमिंग शून्य. फुटेज फोर-के, एचईव्हीसी (एच.२६५) फॉरमॅटमध्ये, १०-बिट ४:२:२ (म्हणजे रंगांची माहिती जास्त, त्यामुळे चालवायला जड). आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड तेच ठेवणार, आणि ते असं ४:२:२ फुटेज डिकोड करत (उलगडून दाखवत) नाही. सध्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवून भागवतोय, पण एका हळदी-वरातीच्या प्रॉक्सीत रात्र जाते.

९९५०एक्सचे १६ कोअर भुरळ घालतात, त्याच्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डावर पुढे अपग्रेडलाही वाव. पण त्याचं आतलं ग्राफिक्स ४:२:२ला उपयोगाचं नाही. १४९००केचं क्विक सिंक (चिपमधलाच व्हिडिओ डिकोड करणारा भाग) नेमकं तिथेच कामाला येतं. मात्र २५३ वॅटपर्यंत खाणार, सॉकेटला पुढे वाट नाही, शिवाय २०२४चं ते जादा व्होल्टेजने चिप खराब होण्याचं प्रकरण. इंटेलने मायक्रोकोड (चिपसाठीचं दुरुस्ती अपडेट) दिला, वॉरंटी २ वर्षं वाढवली, तरी मन धजत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात विचारलं, तर दुकानात जे पडून आहे तेच 'बेस्ट'!

खोलीत एसी नाही. मे महिन्यातलं ठाणं तुम्हाला माहीतच आहे.

९९५०एक्स १०५ वॅटच्या इको मोडवर (वीज आणि उष्णता कमी ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून कोणी असं फुटेज प्रॉक्सीशिवाय चालवतंय का? तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र चालवताना (मल्टिकॅम) टाइमलाइन अडखळते का?