'स्थलांतर', 'लावणी' की 'बिऱ्हाड हलवणे'? नव्या संगणक प्रणालीवर जाण्यासाठी नेमका शब्द

प्रश्न

राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दोन संगणक असून दोन्हींवर विंडोज १० आहे. या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या जुन्या संगणकांत नाही, म्हणून नवे संगणक घेतले आहेत. हे काम करणाऱ्या सेवकांसाठी मराठीत सूचनापत्रक लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी शीर्षकापाशीच अडलो. 'प्रोग्राम व डेटा यांचे स्थलांतर' असे लिहिले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी विचारले, "म्हणजे जुन्या संगणकावर काहीच उरणार नाही का?" त्यांची शंका मला योग्य वाटली. स्थलांतर हा शब्द येथे बरोबर आहे का, आणि नसल्यास कोणता वापरावा?

प्रतिसाद

'स्थलांतर' हा 'स्थल' आणि 'अंतर' यांचा समास आहे, आणि त्यातील 'अंतर' म्हणजे दोन ठिकाणांमधील लांबी नव्हे, तर 'दुसरा'. संस्कृतात या शब्दाचा अर्थ केवळ 'दुसरे स्थळ' असा होतो. एका जागेहून दुसरीकडे जाण्याच्या क्रियेचा अर्थ मराठीत रूढ झाला. याच कुळातील इतर शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर ग्रंथपालबाईंच्या शंकेचे मूळ सापडते. भाषांतर केल्याने मूळ ग्रंथ नाहीसा होत नाही, परंतु धर्मांतर करणारा जुन्या धर्मात राहत नाही, आणि नामांतर झाल्यावर जुने नाव निदान कागदोपत्री तरी सुटते. म्हणजे मूळ गोष्ट मागे उरते की नाही, हे 'अंतर' हे पद सांगत नाही. ते पहिल्या पदावरून आणि रूढीवरून ठरते, आणि 'स्थलांतर' म्हटले की जुनी जागा रिकामी झाली, असेच मराठी माणसाला वाटते.

दुसरी अडचण कर्त्याची आहे. स्थलांतर पक्षी करतात, मजूर करतात, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाणारा आपला चाकरमानी करतो. डेटा आपण होऊन कोठेही जात नाही, त्याला कोणीतरी नेतो. म्हणून वापरायचाच असेल तर 'स्थलांतरित करणे' असा सकर्मक प्रयोग करावा. 'स्थानांतरण' मात्र टाळावे. ते हिंदी कचेरीतून आलेले रूप आहे आणि तेथील त्याच्या एका अर्थासाठी आपल्याकडे 'बदली' हा चांगला शब्द आहे.

प्रतिसाद

आपल्या भागापुरते पत्रक असेल, तर 'लावणी' का म्हणू नये? भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपे, काढायचा, जुडी बांधून दुसऱ्या खाचरात न्यायची आणि चिखलात लावायची, हे सेवकांपैकी प्रत्येकाने केलेले काम आहे. रोप नव्या मातीत रुजेपर्यंत लक्ष ठेवावे लागते, हाही अर्थ त्यात आपोआप येतो.

प्रतिसाद

'लावणी' हा शब्द मला फार आवडला, तरीही येथे तो चुकीची कृती शिकवील, असे मला वाटते. लावणीत तेच रोप मुळांसकट उचलले जाते. विंडोजवर बसवलेल्या बहुतेक मोठ्या प्रोग्रामांची मुळे मात्र त्यांच्या फोल्डरात नसतात: काही नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, जातात, काही सामायिक फायली प्रणालीच्या फोल्डरात बसतात, परवान्याची खूण आणखी कोठेतरी असते. फोल्डर उचलून नव्या संगणकावर ठेवला, तर वरचा पाला तेवढा येतो. प्रोग्राम मूळ संचावरून पुन्हा बसवावा लागतो, आणि शेतीचीच उपमा हवी असेल तर ती नव्या पेरणीची आहे. ज्या अतिजुन्या प्रोग्रामांची बांधणी १६-बिट आहे, ते तर ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच येते. त्यांच्यासाठी नेण्याचे कोणतेही क्रियापद लागू पडत नाही, पर्यायच शोधावा लागतो.

संगणक दुरुस्त करणारी आपल्याकडची मुले बोलताना हा भेद नीट पाळतात. ती 'डेटा काढून ठेवतात', 'विंडोज टाकतात', 'सॉफ्टवेअर टाकतात' आणि शेवटी 'डेटा परत भरतात'. लेखी मराठीने एकच भारदस्त नाम घेऊन या निरनिराळ्या क्रिया त्याखाली झाकल्या आहेत.

आणखी एक क्रिया या सर्वांहून नाजूक आहे, आणि तिला 'रूपांतर' हेच नाव द्यावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या वाचनालयाची जुनी ग्रंथसूची युनिकोडपूर्व फॉन्टात, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टात असेल, तर त्या फायलीत खरी देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर फाईल जशीच्या तशी येऊनही वाचता येत नाही. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना सर्वांत जास्त दगाफटका 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोडाक्षरांत होतो. युनिकोडमध्ये 'र'चा क्रमांक ०९३० आणि 'ऱ'चा ०९३१ आहे. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामाला हा भेद शिकवलेला नसेल, तर रफार येतो. मी केलेल्या एका सूचीत 'घाटमाथा आणि दऱ्या' या विषयनोंदीचे 'घाटमाथा आणि दर्या' झाले. कोकणात ती जोडी इतकी स्वाभाविक वाटते की तपासणाऱ्या तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. शब्द शुद्ध होता, वाक्य अर्थपूर्ण होते आणि नोंद चुकीची होती. तेव्हापासून मी रूपांतरानंतर 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' आणि 'बिऱ्हाड' हे चार शब्द आधी शोधून पाहतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शीर्षकासाठी मी 'नव्या प्रणालीवर बिऱ्हाड हलवताना' हे शब्द ठरवले आहेत. मुंबईत बिऱ्हाड केले तरी गावच्या घराची किल्ली कोणी टाकून देत नाही, हे ग्रंथपालबाईंना सांगताच त्यांनी हा शब्द लगेच मान्य केला. आत मात्र 'स्थलांतर' कोठेही येणार नाही: डेटाची 'प्रत करून न्यावी', प्रोग्राम 'पुन्हा बसवावा' आणि जुन्या फॉन्टातील सूचीचे 'रूपांतर करावे', अशी तीन क्रियापदे शेवटपर्यंत सारखीच ठेवतो. 'विदा' हा पारिभाषिक शब्द मला प्रिय आहे, तरी सेवकांना तो 'विडा' असा ऐकू आला, म्हणून या पत्रकापुरते 'डेटा' असेच लिहीत आहे. जुन्या संगणकांतील काहीही पुसण्यापूर्वी 'बिऱ्हाड' हा शब्द नव्या सूचीत शोधून सापडला पाहिजे, ही सूचना पत्रकात पहिल्या क्रमांकावर घातली आहे.