मदत हवी आहे: बेळगावच्या तोंडावर येऊन गाडी रोज का अडकते?

खानापूरवाली: तीन आठवडे हाच छळ. खानापूर वेळेत सुटतं, पण बेळगावच्या अलीकडे गाडी बाजूच्या रुळावर घेतात. वीस-पंचवीस मिनिटं तशीच. एक गाडी धडधडत गेली की मग आमची हलते. नऊला पंचिंग. काल अर्धा दिवस कापला. कारण काय, आणि मी करू काय? लवकर सांगा.

मलप्रभाकाठ: कुठली गाडी ताई? सकाळची की दुपारची?

कुंदानगरी: बसनं या की वो. मी बारा वर्षं बसनंच येतो.

खानापूरवाली: सकाळची पॅसेंजर, मिरजेकडं जाणारी. पास काढलाय, बसचं विचारलं नाही.

घाटवाला: सगळं घाटामुळं. कुळे ते कॅसलरॉक चढ 1:37, मागून इंजिनं लावून ढकलतात. तिथं वेळ गेला की पुढं सगळं कोलमडतं.

मलप्रभाकाठ: घाट गोव्याच्या वाटेवर. सकाळी मागून येते ती बंगळूरची रात्रगाडी, धारवाड-अळणावर-लोंढा करत. तिचा घाटाशी काय संबंध?

मिरजकर: तीन तासांच्या वर लेट असेल आणि प्रवासच केला नाही, तर रिझर्वेशनचे पूर्ण पैसे मिळतात. गाडी सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरा.

खानापूरवाली: माझं रिझर्वेशनच नाही हो!

जुना_गार्ड: ताई, रात्रगाडी वेळेत असली तर तुमच्या आधी निघून जाते. तास-दीड तास लेट झाली की नेमकी तुमच्या मागं येते. मग तुम्हाला लूपवर, म्हणजे त्या बाजूच्या रुळावर घेतात. लूपवर शिरताना वेग ताशी 30 किंवा त्याहून कमी. एक्सप्रेस पुढचं स्टेशन ओलांडेपर्यंत तुम्हाला सिग्नल नाही. म्हणून थांबणं दहा मिनिटांचं वाटतं आणि जातात पंचवीस.

घाटवाला: डबल लाईन झाल्यावर कसलं थांबणं?

जुना_गार्ड: समोरच्या गाडीसाठी थांबणं संपतं. मागच्या वेगवान गाडीला वाट देणं संपत नाही.

खानापूरवाली: मग भाऊ मिरजेला उतरतो, तो म्हणतो वेळेत पोचली. हे कसं?

जुना_गार्ड: शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकातच जादा मिनिटं धरलेली असतात. उशीर तिथं भरून निघतो, मधल्यांच्या वाट्याला काही नाही. सकाळी उठल्या उठल्या ॲपवर रात्रगाडी बघा. लेट दिसली तर त्या दिवशी बस.

कुंदानगरी: मी काय सांगत होतो!

मलप्रभाकाठ: कित्तूरवरून बेळगाव-धारवाड सरळ लाईन होऊ दे, मग बघा.

खानापूरवाली: गार्डकाका, आभारी आहे. आपलीच गाडी बघत बसले, मागची कधी बघितलीच नाही. ती कुठं पोचलेली दिसली म्हणजे बस धरायची? धारवाड की अळणावर?